करगोट्यातला अंगठा

रणधीरचं नाक सरळ होतं. सिदूचं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी कुणाच्या तरी गुडघ्यावर आपटून सिदूचं नाक किंचित डावीकडे कललं होतं, आणि चंद्रव्वाने कादंबरी लिहायला घेतली तेव्हा पहिल्याच पानावर ते तिने सरळ करून टाकलं. रंग थोडा उजळला. आडनाव इनामदारांचं लावलं. गिरणीत दिवसभर मागाच्या साच्यापुढे उभं राहणाऱ्या त्या गड्याला बसायला एक पांढराशुभ्र घोडाही दिला. बाकी सगळं मात्र जसंच्या तसं. हुतूतूच्या मैदानात उतरताना मातीला हात लावून तो कपाळाला लावायचा, दम घुमवताना मान खाली घालायचा, आणि चार जणांनी घेरलं तरी ओल्या हातातून साबणाची वडी सुटावी तसा सुटायचा. हे सगळं रणधीरने सिदूकडून उचललं होतं, आणि सिदूला त्याचा पत्ताही नव्हता.

पत्ता असायचं कारणच नव्हतं. चंद्रव्वा पंधरा वर्षांची, इंग्रजी तिसरीतली मुलगी. परक्या पुरुषाशी ती बोलणार कशाला? पण तिच्या वडिलांचा, वीरभद्रप्पांचा, विड्यांचा कारखाना होता. पुढे दुकान, वर घर आणि गच्ची, मागे पत्र्याची शेड, आणि शेडच्या मागच्या भिंतीला लागून तालमीचं मैदान. विडीच्या ओल्या पानांवरची गोणपाटं गच्चीत वाळत घालायचं काम चंद्रव्वाने आपण होऊन अंगावर घेतलं होतं. पाच गोणपाटं पसरायला तिला रोज संध्याकाळी तास लागायचा. कुणी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही.

कादंबरी लिहिणं एक वेळ सोपं, पण ती ऐकवायची कुणाला? शाळेतल्या मुली पहिल्या प्रकरणालाच एकमेकींना चिमटे काढून हसल्या होत्या. ऐकणाऱ्या मिळाल्या त्या घरातच, चाळीस जणी.

विड्या वळणाऱ्या बायकांचे हात चालतात पण डोकं रिकामं असतं, आणि दुपारी तंबाखूच्या वासाने सगळ्यांना डुलक्या येतात. म्हणून एकीने गाणं म्हणायचं नाहीतर कहाणी सांगायची, ही शेडमधली जुनी रीत. त्या दिवाळीनंतर वीरभद्रप्पांच्या मनात आलं की पोरगी एवढी शिकतीय, तर रविवारी बायकांना पुराण वाचून दाखवू दे. दोन रविवार चंद्रव्वाने पुराण वाचलं आणि अर्धी शेड सूप मांडीवर घेऊन पेंगली. तिसऱ्या रविवारी पोथीच्या लाल फडक्यात तिने आपली वही गुंडाळून आणली. त्या दिवशी कुणीही पेंगलं नाही. मराठी न समजणाऱ्यांसाठी नरसम्मा तेलुगूत सांगायची, तीही स्वतःचं मीठमिरची लावून. नरसम्माच्या तेलुगूत रणधीरचा घोडा दुसऱ्या प्रकरणापासून उडायला लागला होता. पुढच्या दुकानात बसलेल्या वीरभद्रप्पांना नुसता वाचनाचा सूर ऐकू यायचा. त्यांना वाटायचं, पोरीच्या तोंडून पुराण किती गोड लागतं.

एका रविवारी तिने सातवं प्रकरण वाचलं. या प्रकरणाचा तिला भारी अभिमान होता, कारण त्यातली गोष्ट तिने एकटीने टिपलेली होती. महिनाभर गच्चीतून बघून तिच्या लक्षात आलं होतं की सिदू मागची लाथ मारायच्या आधी नेहमी एकच करतो. तिने लिहिलं होतं: ‘त्या नरवीराने डाव्या हाताचा अंगठा कमरेच्या करगोट्यात अडकवला. चतुर वाचकांनी ओळखावे, आता उजवा पाय विजेसारखा मागे जाणार आणि शत्रूची छाती फुटणार.’ शेडमध्ये चाळीस तोंडांतून एकदम श्वास सुटला होता. कमरेचा साधा काळा दोरा, पण तिच्या लिहिण्याने त्याची तलवार झाली होती.

पुढच्या गुरुवारी मागच्या मैदानात सरावाचा सामना होता. सिदूची तालीम एकीकडे, दुसरीकडे पकडीत नावाजलेल्या हिंदुरावची. सहा दिवसांनी, संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेत अंतिम सामना याच दोघांत व्हायचा होता, आणि पुण्याच्या स्पर्धेसाठी गडी निवडायला तिथे माणसं येणार होती. चंद्रव्वा त्या दिवशी सात गोणपाटं घेऊन गच्चीत गेली.

सिदू चढाईला गेला. हुतूतू, हुतूतू, मान खाली. डावा अंगठा कमरेकडे गेला, आणि त्याच क्षणी हिंदुरावने आवाज टाकला, “करगोटा.” तिघांनी एकदम उजव्या घोट्यावर झेप घेतली. सिदू जमिनीवर, दम तुटलेला.

चंद्रव्वाला वाटलं आपल्याला भास झाला. पण दुसऱ्या चढाईला पुन्हा तेच झालं, तिसऱ्यालाही तेच. तिसऱ्यांदा उठताना सिदूने आपल्या उजव्या पायाकडे असं पाहिलं, जणू तो पाय दुसऱ्या कुणाचा होता. वस्ताद निंगप्पांनी त्याला सगळ्यांसमोर सांगितलं की असाच सापडणार असशील तर गड्ड्याच्या सामन्यात बाहेर बसून टाळ्या वाजव. आणखी एकच सराव बघीन, मग ठरवीन.

गच्चीत चंद्रव्वाच्या हातातलं गोणपाट तसंच राहिलं. तो शब्द तिचा होता. तिच्या वहीतून उठून, भिंतीला वळसा घालून, तो हिंदुरावच्या तोंडात जाऊन बसला होता.

कसा गेला हे कळायला फार डोकं लागलं नाही. शेडमध्ये तिसऱ्या रांगेत बसणारी बाळाबाई हिंदुरावची थोरली बहीण. आणि कोपऱ्यात पाण्याच्या रांजणाजवळ बसणारी फुलाबाई ही सिदूची आत्या. फुलाबाई मंद्रूपकडच्या धनगरांतली. मेंढरं राखायचं सोडून भाचा गिरणीत आला, तेव्हा त्याला भाकरी करून घालायला तीही आली. कादंबरी चालू असताना तिच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलत नसे. चंद्रव्वाला वाटे, हिला काही समजत नसावं.

दुसऱ्या दिवशी शाळेला जायच्या आधी तिने फुलाबाईला रांजणापाशी गाठलं. फुलाबाईने भाच्याची मीठमोहरी आणि मिरच्यांनी दृष्ट काढली होती, मिरच्यांचा ठसका आला नाही म्हणून ती काळजीत होती.

“दृष्ट नाही ती,” चंद्रव्वा म्हणाली. “मीच सांगितलं. सातव्या प्रकरणात. तो रणधीर म्हणजे...”

“आमचा सिदू. ठावं हाय की,” फुलाबाई शांतपणे म्हणाली. “समद्यास्नी ठावं हाय. फकस्त आमचा त्यो रडत न्हाय. तुजा लई रडतोय.”

मग तिनेच सांगितलं की बाळाबाईच्या घरी रोज जेवताना पंगतीला ही गोष्ट असते. हिंदुरावची सगळी फळी कोरड्यास भाकरी खाता खाता विचारते, मग रणधीरनं काय केलं? बाळाबाईच्या मनात काही पाप नव्हतं. तिला गोष्ट आवडली म्हणून तिने ती सांगितली, एवढंच.

चंद्रव्वाला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्या लाजेच्या आत कुठेतरी एक भलताच आनंद उसळत होता, तो काही केल्या दाबता येईना. नऊ आडदांड पैलवान तिची कादंबरी ऐकत होते. भाकरीचा घास हातात धरून ऐकत होते. तिने स्वतःलाच मनात एक चापट मारली आणि फुलाबाईला निरोप दिला: सिदूला सांगा, अंगठा अडकवू नको.

निरोपाचं उत्तर शनिवारी आलं. आपण असा अंगठा अडकवतो हेच मुळी सिदूला माहीत नव्हतं. आता कळल्यावर त्याने हात मोकळा ठेवून मागची लाथ मारून पाहिली, तर तिथेच दम तुटला. “अंगठा आडकल्याबिगर लाथ टाकली, की तोंडातनं हुतूतूच निगत न्हाय म्हनतोय,” फुलाबाई म्हणाली. मग त्याने अंगठा अडकवून डावी लाथ मारून पाहिली, तर तोंडावर आपटला. “आता नाक उजवीकडं बी वाकंल,” असंही ती म्हणाली, पण हसली नाही.

त्या दिवशी भूमितीच्या तासाला बाई फळ्यावर त्रिकोण काढत होत्या आणि चंद्रव्वा सिदूचे पाय काढत होती. उजवा, डावा, पुन्हा उजवा. चार दिवसांत माणूस आपला पाय बदलू शकत नाही. वर्षानुवर्षांची सवय ती, मुरलेल्या लोणच्यासारखी. मग बदलू शकतं कोण?

आणि तिला इतकं एकदम सुचलं की ती बाकावरून अर्धी उठली. बाईंना वाटलं हिला उत्तर येतंय. तिने काहीतरी काटकोन वगैरे सांगितलं, आणि काय नवल, ते बरोबर निघालं.

रणधीर बदलू शकतो. एका शाईच्या थेंबात.

सिदूने काहीच करायचं नव्हतं. तसाच अंगठा, तोच उजवा पाय. फक्त आठव्या प्रकरणात रणधीरला कळणार होतं की शत्रूने आपली खूण ओळखली आहे, आणि त्याने शपथ घ्यायची की यापुढे अंगठा करगोट्यात जाईल तेव्हा डावाच पाय मागे जाईल. बाळाबाई ते घरी नेणार. हिंदुरावची फळी डावीकडे उडी घेणार. फुलाबाईने हे तंबाखू मळत मळत ऐकलं. मग म्हणाली की लांडगा दुसरीकडं पळवायचा असंल तर कोकरू दुसरीकडं बांधतात, तसं हाय हे. ती निंगप्पांना जाऊन भेटली. काय बोलली देव जाणे, पण वस्तादांनी सिदूला बाहेर बसवायचं पुढे ढकललं.

आता सगळं त्या एका प्रकरणावर होतं. ते खोटं वाटलं तर संपलंच. चंद्रव्वाने ते तीनदा लिहिलं. एक साधू घातला, काढला, पुन्हा घातला.

रविवारी दुपारी ती लाल फडकं घेऊन शेडमध्ये आली, आणि बघते तर काय, वीरभद्रप्पा स्टूल घेऊन मधोमध बसलेले. संक्रांतीचा सण तोंडावर आलाय, चार चांगल्या गोष्टी आपणही ऐकाव्यात म्हणून दुकानात गड्याला बसवून आले होते. डोळे अर्धे मिटलेले, हात जोडलेले.

चाळीस जणींचे हात चालू होते, पण सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळलेल्या. फडक्यात वहीच्या खाली खरी पोथीही होती. ती काढली असती तर आप्पांचा रविवार पुण्यकर्मात गेला असता. आणि बाळाबाई घरी पुराण घेऊन गेली असती.

सामना बुधवारी होता. दुसरा रविवार मध्ये नव्हता.

चंद्रव्वाने वही उघडली. पहिल्या ओळीला तिचा आवाज मांजराच्या पिल्लासारखा निघाला. दुसऱ्या ओळीला रणधीर घोड्यावरून उतरला, तिसऱ्या ओळीला साधूने डोळे उघडले, आणि मग तिला स्वतःचा आवाज आपोआप सापडला. आप्पांचे जोडलेले हात हळूहळू सुटले, ते तिने पाहिलंच नाही. ती शपथेपाशी आली. ‘आजपासून हा अंगठा करगोट्यास लागेल तेव्हा माझा डावा पाय...’

“डावा कसा?” आप्पा म्हणाले. “उजवा की.”

शेडमधल्या सगळ्या कात्र्या थांबल्या.

“पलीकडचा त्यो पोरगा उजवाच टाकतोय,” आप्पा पुढे म्हणाले. “मी बघतोय की रोज, मागच्या दारातनं.”

फुलाबाईने डोळे मिटून घेतले. बाळाबाई मात्र ताठ बसली होती, एकदा आप्पांकडे, एकदा चंद्रव्वाकडे बघत. चंद्रव्वाच्या कानात रक्ताचा हुतूतू चालू झाला होता. इथे दम तुटला तर तिकडे सिदूचाही तुटणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. तिने वहीतून मान वर केली. आप्पांच्या डोळ्याला डोळा देऊन बोलायची तिच्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ.

“ते आधी, आप्पा,” ती म्हणाली. “आता उजवा साऱ्या गावाला कळलाय. कळलेली लाथ कोण मारतं?”

आप्पांनी गळ्यातलं इष्टलिंग चाचपलं, थोडा विचार केला. दुकानदार माणूस, मुद्दा पटला की पटला.

“हं. त्ये बी खरं हाय की. वाच पुढं.”

तिने वाचलं. शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं. संपल्यावर बाळाबाईने दोनदा विचारून घेतलं, डावाच ना? आणि नरसम्माने तेलुगूत सांगताना इतका डावा केला की घोडासुद्धा डावीकडून उडायला लागला. आप्पा स्टूल उचलून निघाले. दारात थांबून, मागे न बघता एवढंच म्हणाले की पाच गोणपाटं वाळत घालायला तास का लागतो ते आज कळलं. पण गोणपाटं गच्चीतच वाळत राहिली, हेही खरं.

बुधवारी गड्ड्यावर नुसती माणसंच माणसं. बायकांसाठी मैदानाच्या एका अंगाला बैल सोडलेल्या गाड्या उभ्या केल्या होत्या. चंद्रव्वा एका गाडीत चढली तेव्हा फुलाबाई आत होतीच, आणि तिच्या मागोमाग बाळाबाईही चढली. तिघी एकाच गाडीत, मधे भाजक्या शेंगांचं पोतं. आप्पा पुरुषांच्या बाजूला होते आणि सारखी टोपी काढून घालत होते.

सामन्याचा पहिला अर्धा भाग असा गेला की चंद्रव्वाच्या हातातल्या शेंगा घामाने तशाच भिजल्या. सिदू चढाईला जायचा, हाताने एखादा टिपून यायचा, पण लाथेची वेळच येईना, अंगठा कमरेकडे जातच नव्हता. हिंदुरावची अख्खी फळी त्याच्या डाव्या हाताकडे मांजर दुधाकडे बघतं तशी बघत होती. मग सिदूचे गडी एकेक करत बाद झाले. शेवटी वेळ अगदी थोडा राहिला तेव्हा त्याच्या बाजूला तो एकटा, आणि समोर तिघं: हिंदुराव आणि त्याचे दोन पकडवाले. सिदू सापडला तर लोण चढणार, ढाल जाणार, पुणं जाणार.

सिदूने मातीला हात लावला, कपाळाला लावला. हुतूतू, हुतूतू. मान खाली. तिघं हातात हात घालून हळूहळू वळसा घालू लागले. फुलाबाई पुटपुटत होती, देवाचं नाव की हुतूतू ते कळत नव्हतं. आणि डावा अंगठा सरकला, करगोट्यात अडकला.

“डावा,” हिंदुराव ओरडला.

तिघं एकदम डावीकडे पडले. डावीकडे नुसती माती होती. उजवा पाय मागे गेला आणि खाली वाकलेल्या हिंदुरावच्या खांद्यावर सणकून बसला. हिंदुराव कोसळला, बाकीचे दोघे त्याला अडखळून त्याच्यावर, आणि परत फिरता फिरता सिदूने त्या दोघांच्या पाठीवर एकेक थाप दिली, लाडाने द्यावी तशी. दम रेषेपलीकडे पोचला तेव्हा अजून शाबूत होता.

मैदानाने जो आवाज केला तो म्हणे तळ्यापलीकडे ऐकू गेला. चंद्रव्वा गाडीत उभी राहून नाचत होती, गाडी डुलत होती, शेंगा सांडत होत्या. पुरुषांच्या बाजूला आप्पांची टोपी कुणाच्या तरी खांद्यावरून उडून गेली. शेवटी खाली बसताना तिचं लक्ष बाळाबाईकडे गेलं. बाळाबाई सामन्याकडे बघतच नव्हती. ती चंद्रव्वाकडे बघत होती.

“तू लई लबाड हाईस,” ती म्हणाली, आणि गाडीतून उतरून निघून गेली.

त्या एका वाक्याने चंद्रव्वाचा निम्मा आनंद खाली आणला. दोन दिवस ती स्वतःशी भांडत होती. गोष्ट ऐकवली, यात फसवणूक कसली? आणि फसवणूक नव्हती तर मग हे काय टोचतंय?

रविवारी ती शेडमध्ये आली ती भीत भीतच. बाळाबाई आलेली होती. तिसऱ्या रांगेतून उठून पहिल्या रांगेत, अगदी वाचणारीच्या गुडघ्याला गुडघा लागेल अशी बसली होती. पानं कापता कापता तिने आपल्या भावाचा निरोप सांगितला. हिंदुरावचा खांदा अजून सुजलेला आहे. त्याचं म्हणणं, पुढच्या पुस्तकात पकड करणारा नायक पाहिजे. “आन म्हनला, त्याचं नाक मुळातच सरळ हाय. तुला कष्ट पडायचं न्हाईत.”

शेडमध्ये हशा पिकला. कोपऱ्यात फुलाबाईच्या चेहऱ्यावरची सुरकुती त्या दिवशी पहिल्यांदा हलली. सिदूला पुण्याहून बोलावणं आलं होतं. त्याचाही निरोप होता, तिने तो पदराला गाठ मारून लक्षात ठेवला होता आणि गाठ सोडत सोडत सांगितला. घोडा आवडला, पण आपण मेंढरामागं फिरलेला माणूस, घोड्यावर बसता येत न्हाय. रणधीरचं रडणं कमी कर. आणि नाक होतं तसं ठेव, कष्टानं वाकवलंय.

चंद्रव्वाने वही मागे उलटली, पहिल्या पानापर्यंत. ‘सरळ’ या शब्दावर तिने जाड रेघ मारली, आणि वर जागा काढून लिहिलं, किंचित डावीकडे कललेले.

बाळाबाई मान लांब करून बघत होती. अक्षर तिला वाचता येत नव्हतं, म्हणून चंद्रव्वाने काय लिहिलं ते तिला सांगितलं.

“डावीकडंच ना?” बाळाबाई म्हणाली. “खरं सांग.”